जीवघेणी चाचणी कुणाला हवी असते? जादू आणि जुलमी राज्याची पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

तरुण वाचकांसाठी डिस्टोपियन फँटसी, म्हणजे जुलमी राज्यात घडणारी जादूची कथा, लिहायला बसलेले बहुतेक नवे लेखक थेट मैदानात उतरतात. वीस-बावीस मुलं, एक चक्रव्यूह, आगीचे लोळ, आणि शेवटी उरेल तो विजेता. हे पटकन सुचतं, कारण चित्र लगेच डोळ्यांसमोर उभं राहतं. मग पन्नासेक पानं झाली की लेखणी अडते. प्रत्येक संकट आधीच्यापेक्षा मोठं करत नेण्यापलीकडे काही सुचेनासं होतं. अशा वेळी नवीन राक्षस शोधण्याचा काही उपयोग होत नाही. ही चाचणी मुळात कुणाला हवी आहे आणि ज्यांची पोरं तिच्यात मरतात ते ती का चालू देतात, या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरलेली नसतात, म्हणून कथा अडते.

म्हणून इथे क्रम वेगळा धरला आहे: आधी राज्य, मग जादू, मग चाचणी, आणि त्यानंतर तिच्यात उतरणारी मुलगी. समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक जग शेवटपर्यंत वापरलं आहे. ते जग तिथेच राहू द्या, पद्धत तेवढी घ्या.

पायरी १: सौदा लिहून काढा

महाभारतातली बकासुराची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती भीमाच्या पराक्रमाची. कादंबरी लिहिणाऱ्याने ती एकचक्रा नगरीच्या बाजूने पुन्हा वाचावी. तिथे रोज एका घराची पाळी लागते: गाडाभर अन्न, ते ओढणारे रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, तिन्ही बकाच्या पोटात. लोक हे सहन करतात, कारण बक त्या प्रदेशाचं बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करतो आणि तिथला राजा दुबळा आहे. शिवाय एका घराची पाळी फार वर्षांनी येते, म्हणजे कुठल्याही एका दिवशी जवळजवळ सगळं गाव सुरक्षित असतं. आदिपर्वातला सर्वांत हृदयद्रावक भाग त्यानंतरचा आहे. पाळी आलेल्या घरात बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते, आणि बोबडं बोलणारं लहान पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणतं, हिने मी राक्षसाला मारतो. लढाई अजून सुरू व्हायची आहे, तरीही त्या घरात सगळी कादंबरी घडून गेलेली आहे.

ग्रीक पुराणातलं अथेन्सही असंच ठरावीक काळाने सात मुलगे आणि सात मुली क्रीट बेटावरच्या भूलभुलैयात मिनोटॉर या अर्ध्या बैल-अर्ध्या माणसासाठी पाठवतं. हरलेल्या शहराने विकत घेतलेला तो तह आहे.

तर पहिलं काम एवढंच. एका कोऱ्या पानावर चार वाक्यं लिहा. राज्याला काय मिळतं? लोकांना बदल्यात काय मिळतं? हा सौदा मोडला तर काय होईल अशी लोकांची समजूत आहे? आणि त्या समजुतीत खोटं काय आहे? शेवटच्या प्रश्नावर भरपूर वेळ घालवा. खोटं अर्धं खरं असलं पाहिजे. सत्ताधारी निव्वळ थापा मारत असतील तर वाचकाला प्रजा मूर्ख वाटू लागते, आणि मूर्ख वाटणाऱ्या लोकांसाठी त्याचा जीव तुटत नाही.

आपलं उदाहरण घेऊ. एका खोल दरीवर एक शहर तरंगतं, त्याचं नाव अधांतर. दरीच्या तळाशी दुसरी वस्ती आहे. शहराचा भार पेलायला खाली कायम बारा माणसं उभी लागतात. त्यांना ‘आधार’ म्हणतात. ती काही वर्षांत झिजतात, म्हणून दर चार वर्षांनी तळाच्या वस्तीतून सोळा वर्षांची मुलं चाचणीसाठी निवडली जातात. तळातले लोक हे मान्य करतात, कारण शहर कोसळलं तर त्यांच्याच डोक्यावर कोसळेल. ही भीती खरी आहे. खोटं पुढे आहे: शहर खाली उतरवता येत नाही, असं त्यांना सांगितलेलं असतं. ते मजल्यामजल्याने उतरवता येतं. फक्त तसं केलं तर वरच्यांना जमिनीवर राहावं लागेल आणि आपला भार आपण वाहावा लागेल. उलट दर वर्षी वर नवे मजले चढतात आणि आधार अधिक लवकर झिजतात.

सत्ता स्वतःच्या मनाची समजूत कशी घालते, हेही इथेच ठरवा. स्पार्टा या प्राचीन ग्रीक नगरराज्यात क्रिप्टिया नावाची प्रथा होती. निवडक तरुणांना रानात पाठवून हेलट या गुलाम शेतकऱ्यांना रात्री ठार मारायला लावत. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने नोंदवलं आहे की तिथले इफोर हे अधिकारी दर वर्षी पदावर येताच हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारण्याचं पाप लागू नये. असा एखादा कायदा, एखादा विधी तुमच्या राज्यातही हवा. क्रूर माणसाच्या गडगडाटी हास्यापेक्षा त्याची स्वच्छ सदसद्विवेकबुद्धी फार भीतिदायक असते.

पायरी २: जादूचा जमाखर्च

अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये मांडलेला एक नियम या प्रकारात फार उपयोगी पडतो. वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकाच पेच तिच्या मदतीने समाधानकारकपणे सोडवता येतो, असा त्याचा आशय. जीवघेण्या चाचणीच्या कथेत हे जवळजवळ बंधनकारक मानावं. मुलगी कड्यावरून पडत असताना अचानक नवी शक्ती जागी झाली, तर ती वाचते. पण त्यानंतर ती मरू शकेल यावर वाचकाचा विश्वास राहत नाही, आणि मग मैदानात उरतोच काय.

नियम थोडे ठेवा. अधांतरची जादू एका वाक्यात मावते: वजन नाहीसं होत नाही, ते एकावरून दुसऱ्यावर जातं. याला तीन मर्यादा जोडू. स्पर्श लागतो. उचललेलं वजन झोपेतही अंगावर राहतं. आणि जिवंत माणसाने घेतलेला भार तो मेला की मूळ जागी परत जातो. शेवटची मर्यादा लिहिली आणि कथानकातली निम्मी संकटं आपोआप जन्माला आली: एक आधार मेला की उरलेल्या अकरांवर काय कोसळत असेल, याचा विचार करून बघा.

किंमत कशी गुंफावी हे शिकायला कच आणि शुक्राचार्यांच्या कथेइतका चांगला धडा मला दुसरा सापडत नाही. असुरांनी कचाला जाळून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजली. संजीवनी मंत्राने त्याला जिवंत करावं तर तो गुरूचं पोट फाडून बाहेर येणार. तेव्हा आधी पोटातल्या शिष्याला विद्या शिकवायची, मग त्याने बाहेर येऊन मेलेल्या गुरूला उठवायचं. आणि इतकं करून मिळवलेली विद्या देवयानीच्या शापाने कचाच्या स्वतःच्या कामी येत नाही. ती तो दुसऱ्यांना शिकवू शकतो, इतकंच. इथे जादू वापरायची म्हणजे नात्यावर घाव घालायचा. थकवा आला, नाकातून रक्त आलं, ही किंमत पहिल्या दोन वेळा चालते. तिसऱ्या वेळी वाचक ती विसरतो. नात्यातली, शरीरातली किंवा समाजातल्या जागेतली कायमची हानी त्याच्या लक्षात राहते.

जादू कुणाकडे आहे आणि कुणाला वापरू देतात, हे सौद्याशी जुळवा. आपल्या जगात भार हलवता सगळ्यांना येतो, पण तळातल्यांनी तो हलवणं गुन्हा आहे. वरचे लोक तर रोज सकाळी आपला भार नोकरांवर टाकून हलक्या पावलांनी फिरतात.

पायरी ३: आता चाचणी रचा

राज्याला नेमकी कशी माणसं हवी आहेत, हे एव्हाना तुम्हाला ठाऊक आहे. चाचणी त्याच कामाची हवी. सैनिक हवे असतील तर झुंज, हेर हवे असतील तर विश्वासघात, आज्ञाधारक कारकून हवे असतील तर अर्थहीन आणि अपमानास्पद कामं. केवळ दहशत बसवायची असेल तर चिठ्ठी टाकून दहातला एक मारणंही पुरतं. रोमन सैन्यात शिक्षा म्हणून हे प्रत्यक्षात होत असे, आणि चिठ्ठी निघालेल्याला त्याच्याच सोबत्यांकडून ठार करवत. उलट ग्लॅडिएटर, म्हणजे लोकांसमोर रिंगणात झुंजणारे योद्धे, तयार करायला मालकाचा मोठा खर्च होई, त्यामुळे त्यांच्या पुष्कळ झुंजी मृत्यूपर्यंत जात नसत. माणसं फुकट घालवणारं राज्य वाचकाला पटवायचं असेल, तर ती फुकट घालवणं त्याला परवडतं कसं हेही दाखवावं लागेल.

मध्ययुगीन युरोपात आरोपीला ‘दिव्य’ करायला लावत, म्हणजे अग्निपरीक्षेसारख्या कसोटीतून त्याचा दोष ठरवत; त्या प्रथेचा अभ्यास या पायरीवर जरूर करा. आरोपीने तापलेलं लोखंड हातात धरून काही पावलं चालायचं, मग हाताला पट्टी बांधायची आणि तीन दिवसांनी ती सोडून जखम बघायची. स्वच्छ भरत असेल तर निर्दोष, चिघळली असेल तर दोषी. जखमेकडे पाहून कौल देणारा मात्र माणूसच, आणि तोही धर्मगुरू. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या सभेने, धर्मगुरूंना अशा दिव्यांत भाग घ्यायला मनाई केली, आणि त्यानंतर ही प्रथा ओसरत गेली. कादंबरीकाराला यात सोनं सापडतं. लोखंड धरणाऱ्याइतकंच लक्ष जखम वाचणाऱ्याकडे द्या. निकाल कोण लावतं, कोणत्या निकषाने, आणि स्पर्धकांना तो निकष खरा सांगितलेला असतो का?

अधांतरच्या चाचणीत मी हाच धागा ओढेन. टप्पे तीन. पहिल्यात अंगावर दगडांचा भार घेऊन दरीची चढण चढायची. दुसऱ्यात जोड्या पाडतात. दोघांनी एका दोरपुलावरून जायचं, पण पूल एकाचंच वजन पेलतो. म्हणजे पूल ओलांडेपर्यंत कुणीतरी आपलं वजन पाठीमागे काठावर उभ्या असलेल्या एखाद्या मुलावर टाकायला हवं, आणि त्या मुलाची हाडं ते सोसतील का हे कुणालाच माहीत नाही. सगळे धरून चालतात की निर्दय मुलं जिंकतील. पंच मात्र वहीत नावं लिहीत असतात ती दुसऱ्याचा भार स्वतःहून घेणाऱ्यांची. निर्दय मुलं वर पहारेकरी होऊन जातात. दयाळू मुलं शहराखाली उभी केली जातात. तिसरा टप्पा म्हणजे एका अंधाऱ्या खोलीत रात्रभर पेललेला भार, आणि तो भार सरावाचा नसून खरोखरच शहराचा आहे, हे त्यांना सकाळी कळतं.

टप्पे रचताना प्रत्येकाने नायिकेला वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. पहिला शरीराला, दुसरा नात्याला, तिसरा श्रद्धेला, अशी चढण ठेवली की संकटं मोठी करत बसावं लागत नाही. नियम इतके छोटे ठेवा की घाबरलेलं मूल दुसऱ्या घाबरलेल्या मुलाला ते एका दमात सांगू शकेल.

यक्षप्रश्नाचा प्रसंग यासाठी आदर्श आहे. माझ्या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय पाणी प्यायलास तर मरशील. नियम एक, मोह एक, शिक्षा एक. चार भाऊ आधीच पडलेले दिसतात, त्यामुळे धमकी खरी आहे हे सांगावंच लागत नाही. आणि शेवटी एकच भाऊ परत मिळेल म्हटल्यावर युधिष्ठिर भीम-अर्जुनांना सोडून माद्रीचा नकुल मागतो, तेव्हा खरी परीक्षा कशाची होती ते उलगडतं.

पायरी ४: तिच्यात उतरणारी मुलगी

या प्रकारात नायक-नायिका साधारणपणे १५ ते १८ वर्षांची असतात. त्या वयाचं खास काय असतं? आपल्याला वाढवणारी माणसं कशाकशाशी तडजोड करून जगत आली, हे नुकतंच दिसू लागलेलं असतं. डिस्टोपिया आणि हे वय यांचं जुळतं ते म्हणूनच. नायिकेला निवडलेली, भाकीत झालेली, रक्ताने वेगळी अशी करू नका. निदान पहिल्या कादंबरीत तरी नको. तिच्या निर्णयांनी ती वेगळी ठरू द्या.

आपल्या नायिकेचं नाव ओवी. आजीचे गुडघे गेल्यापासून ओवी रोज चोरून आजीचा अर्धा भार स्वतःवर घेते, म्हणून ती किंचित पाय ओढत चालते आणि लोक तिला अशक्त समजतात. चाचणीत तीच सर्वांत जास्त पेलू शकते. तिच्या मायेची ही सवय राज्याला नेमकी हवी असलेली वस्तू आहे. अशी गाठ सापडेपर्यंत नायिकेवर काम करत राहा: तिची सर्वांत चांगली गोष्ट आणि राज्याची सर्वांत मोठी गरज एकच निघाली पाहिजे. मग ओवीने चांगलं वागायचं की नाही, हाच प्रश्न धारदार होतो.

सोबतीला पाच-सहा मुलं पुरेत. त्यातला एक तरी या व्यवस्थेवर मनापासून विश्वास ठेवणारा असावा आणि तो बुद्धिमान असावा. त्याच्याशी ओवीचे वाद लिहिताना त्याला उत्तम मुद्दे द्या. शहर पडलं तर माझी धाकटी भावंडं चिरडतील, हा मुद्दा खोडायला सोपा नाही. प्रेमकथा हवी असेल तर घ्या, पण तिने सौद्यावर काहीतरी परिणाम केला पाहिजे.

पायरी ५: मरणं

प्रत्येक मृत्यूनंतर स्वतःला विचारा, यानंतर कुणाचा निर्णय बदलला? कुणाचाच नसेल तर ते पात्र जगू द्या किंवा मुळातून काढा. मेलेल्यांची नावं पुढच्या प्रकरणांत येत राहिली पाहिजेत. त्यांची रिकामी जागा, त्यांचं अर्धवट राहिलेलं भांडण, त्यांनी उसनी दिलेली वस्तू. वाचक चौदा-पंधरा वर्षांचाही असतो हे लक्षात ठेवून जखमांची वर्णनं आखूड ठेवा. दुःख मात्र आखडू नका. लहान वयात खून करावा लागलेलं मूल दुसऱ्या दिवशी विनोद करत न्याहारी करत असेल, तर ते धैर्य वाटत नाही, लेखकाने पाठ फिरवली असं वाटतं.

पायरी ६: भाषा

मराठीत लिहिताना एक जबरदस्त साधन आपोआप हाताशी असतं: सरकारी मराठी. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर चाचणीत मृत पावलेल्या उमेदवारांचे साहित्य तीन दिवसांत ताब्यात घेण्यात यावे.’ कुणी मारलं, कुणी कळवलं, काही पत्ता नाही. राज्याचा प्रत्येक फलक, प्रत्येक दवंडी, पंचांचं प्रत्येक वाक्य या कर्ता गिळणाऱ्या बोलीत लिहा आणि मुलांना तुटक, रोजच्या बोलीत बोलू द्या: ‘तू घे ना माझं. थोडंसंच. पलीकडे गेलो की देतो परत.’ दोन्ही शेजारी ठेवलं की राजवटीचं वेगळं वर्णन करावं लागत नाही. पुढे कधीतरी विश्वासघातकी झालेला मित्र ‘घेण्यात यावे’ असं बोलू लागला की वाचकाच्या अंगावर काटा येईल.

नवे शब्द घडवताना जोडाक्षरांचे डोंगर रचू नका. भारसंक्रमणविद्या वगैरे वाचून किशोर वाचक पान उलटतो. आधार, पाळी, भार, वरचे, तळातले: जुन्या साध्या शब्दाला नवा भयानक अर्थ द्यावा. नावं छोटी आणि वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी ठेवा.

तू, तुम्ही आणि आपण यांचा वापर आखून घ्या. पंच मुलांना ‘आपण’ म्हणतात आणि मरायला पाठवतात. आजी ‘अगं ए’ म्हणते. इंग्रजी कादंबऱ्या वाचून अनेक जण वर्तमानकाळात, प्रथमपुरुषी लिहायला घेतात. मराठीत ‘मी धावते, मी पाहते, मी थांबते’ हे शे-दोनशे पानं वाचणं जड जातं. भूतकाळ घ्या आणि अगदी ऐन क्षणी, एखाद्या परिच्छेदापुरता वर्तमानकाळ आणा.

पायरी ७: शेवट आधी ठरवा

चाचणी जिंकणं हा शेवट होऊ शकत नाही, कारण चाचणी जिंकली तरी सौदा जिवंत असतो. नुसता राजा मारणंही पुरत नाही. शहर अजून दरीवर लटकलेलंच असतं. शेवट पायरी १ मधल्या चौथ्या प्रश्नावर, त्या खोट्यावर, घडला पाहिजे. ओवीला शहर पाडायचं नाही, उतरवायचं आहे. त्यासाठी तळातल्या हजारो लोकांनी काही काळ थोडा थोडा भार स्वतःवर घ्यायला हवा, म्हणजे जे आजवर पाळीने बारा जणांवर ढकललं ते सगळ्यांनी वाटून घ्यायला हवं. काही जण नकार देतील, आणि त्यांची कारणं वाईट नसतील. हे प्रकरण लिहायला सर्वांत अवघड जाईल, म्हणून त्याचा कच्चा आराखडा पहिलं प्रकरण लिहिण्याआधी तयार ठेवा.

पायरी ८: प्रत्यक्ष लिहायला बसताना

इंग्रजीत या प्रकारच्या कादंबऱ्या बहुधा ७० हजार ते १ लाख शब्दांच्या असतात. पहिल्या प्रयत्नात एवढ्या लांबीच्या मागे लागू नका. आधी एक कथा लिहा, तीन-चार हजार शब्दांची, चाचणीच्या आदल्या रात्रीची. तिच्यात मैदान दिसू द्यायचं नाही. पाळी आलेलं एक घर, त्यातली माणसं, आणि उद्या कोण जाणार यावरचं त्यांचं बोलणं, एवढंच. सौदा, जादूचा नियम आणि भाषा या तिन्ही गोष्टी त्या एका घरात उभ्या राहतात का ते तपासा. मग ती कथा सोळा-सतरा वर्षांच्या दोन-तीन वाचकांना द्या आणि आवडली का, असं विचारू नका. विचारा: या लोकांच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत आणि ती आपसात वाद घालू लागली, तर पहिलं प्रकरण लिहायला घ्या. सगळ्यांनी एकमुखाने ‘पळून गेलो असतो’ म्हटलं, तर पायरी १ च्या पानाकडे परत जा आणि लोकांना मिळणारा मोबदला वाढवा.